विहिरीची वही: गिरणाकाठच्या एका गावातील वाळूउपशाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील गिरणाकाठच्या एका गावाचे आहे. गावाचे, माणसांचे आणि कार्यालयांचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण ज्यांनी हे काम केले ते आजही त्याच गल्लीत राहतात आणि ज्यांच्या ट्रॅक्टरांमुळे ते करावे लागले तेही त्यांच्याच शेजारी राहतात. गटाच्या बैठकांना मी सुरुवातीपासून बसत होतो. अर्ज लिहून देणे आणि नियम शोधून त्यांचा अर्थ सांगणे एवढेच माझे काम होते, तरी जे निर्णय चुकले त्यांत मीही होतो.

गिरणा नाशिक जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावते आणि चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या भागांतून वाहत जाऊन पुढे तापीला मिळते. नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण १९६९ साली पूर्ण झाले. तेव्हापासून वरच्या खोऱ्यातून येणारी वाळू मोठ्या प्रमाणात धरणाच्या पोटातच राहते. धरणाखालच्या पात्रात नवी वाळू येते ती खालच्या उपनद्या आणि नाले आणतील तेवढीच. म्हणून या पट्ट्यात उचललेली वाळू पुढच्या पुरात भरून येईल हा जुन्या माणसांचा अनुभव आता लागू पडत नाही, आणि हे गावात कोणाला पटवून सांगणे सोपे नव्हते. आजोबांच्या काळी पात्रात पाय रुतत असे, तेव्हा वाळू संपते ही कल्पनाच कोणी केली नव्हती.

गावाची पाणीपुरवठ्याची विहीर पात्राच्या कडेला आहे. हिवाळा सरला की नदी आटते आणि मग सगळी भिस्त आवर्तनावर, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर, असते. आवर्तनाचे पाणी दोन-चार दिवस वाहून जाते, परंतु वाळूचा जाड थर असेल तर त्यातले बरेच पाणी थरात मुरून राहते आणि पुढे कित्येक दिवस विहिरीला पाझरत राहते. थर गेला आणि खालची माती किंवा खडक उघडा पडला की तेच पाणी विहिरीजवळून नुसते पुढे निघून जाते. या प्रकरणात पुढे जे काही घडले ते समजायला एवढे ध्यानात असले की पुरे.

अडचण

रात्री अकरानंतर ट्रॅक्टर पात्रात उतरत आणि पहाटेच्या आत निघून जात. एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट वाळू मावते. खेपा किती होत याचा हिशेब त्या वेळी कोणाकडेच नव्हता. दिसत होते ते परिणाम. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर माणूसभर खोल खड्डे पडले होते. एका उन्हाळ्यात दिवसाआड येणारे पाणी पाचव्या-सहाव्या दिवसावर गेले, आणि आले तरी पहिला अर्धा तास गढूळ येत असे. गावातल्या बायकांनी ग्रामपंचायतीवर हंडे नेले. तेव्हा उत्तर मिळाले की आवर्तन उशिरा सुटले म्हणून असे झाले. ते उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते.

अवघड गोष्ट अशी की ट्रॅक्टर बाहेरचे नव्हते. निम्म्याहून अधिक गावातल्याच घरांचे होते. शेतीच्या नावाने कर्ज काढून घेतलेल्या ट्रॅक्टरला वर्षातून तीन-चार महिनेच शेतीचे काम मिळते आणि हप्ता मात्र बाराही महिने असतो. वाळू पाटीने भरून देणारे मजूर गावाच्या कडेच्या वस्तीतले होते. कपाशीची वेचणी संपल्यानंतर त्यांना दुसरे काम नसे. "आपलाच पोऱ्या शेतस" (आपलीच पोरे आहेत), असे गावातले एक जिभाऊ पहिल्याच बैठकीत म्हणाले आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

गट असा स्वतंत्रपणे कोणी स्थापन केला नाही. निवृत्त शिक्षक असलेले एक अण्णा, नदीला लागून शेती असलेले चार शेतकरी, महिला बचत गटातल्या तिघी, मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा एक तरुण आणि जळगावला बी. एस्सी. करणारी एक मुलगी असे लोक मारुतीच्या पारावर बसू लागले. गाव त्यांना "नदीवाले" म्हणू लागले आणि तेच नाव पडले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय रात्री पात्रात जाऊन ट्रॅक्टर अडवण्याचा होता. तरुणांना तो हवा होता आणि त्याचे कारणही समजण्यासारखे होते, कारण त्यात काहीतरी केल्याचे समाधान लगेच मिळते. दुसरा पर्याय तहसील कार्यालयात तक्रार करण्याचा होता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ (७) नुसार विनापरवाना काढलेल्या वाळूसारख्या गौण खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो आणि कलम ४८ (८) नुसार वाहन व यंत्रसामग्री जप्त करता येते. कायदा कमकुवत नाही. प्रश्न रात्री दोन वाजता तो पात्रात कोण आणणार हा होता.

तिसरा पर्याय मी मांडला होता. पर्यावरणाचे वाद चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्याला आहे आणि २०१० च्या कायद्याखाली तेथे अर्ज करता येतो. पण कलम १४ खाली वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. आमचा उपसा कित्येक वर्षांचा होता आणि हातात एकही मोजमाप नव्हते. पुण्याच्या फेऱ्या कोण करणार, हे विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. चौथा पर्याय ग्रामसभेचा होता, आणि तो सर्वांत शेवटी, जवळजवळ उपचार म्हणून मांडला गेला. ग्रामसभेत कोण येते, असे सगळ्यांचेच मत होते.

गटाने पहिला आणि दुसरा पर्याय एकत्र निवडला.

पहिला निर्णय आणि त्याची किंमत

तक्रार अर्ज दिला आणि पोच घेतली. त्याच आठवड्यात सहा-सात जण रात्री पात्रात जाऊन उभे राहिले. पहिल्या रात्री ट्रॅक्टर परत फिरले. दुसऱ्या रात्री एकही आला नाही. तिसऱ्या रात्री एक ट्रॅक्टर दिवे न लावता, वेग कमी न करता अंगावर आला आणि माणसे बाजूला उड्या मारून वाचली. कोणाला मोठी इजा झाली नाही. चार दिवसांनी गटातल्या एका शेतकऱ्याच्या केळीच्या बागेतल्या ठिबकच्या नळ्या ओळीने कापलेल्या सापडल्या. ऐन उन्हाळ्यात केळीला चार दिवस पाणी न मिळणे म्हणजे काय, हे खान्देशात कोणाला सांगावे लागत नाही. कोणी कापल्या हे सिद्ध झाले नाही. पुढच्या बैठकीला निम्मेच लोक आले.

तक्रारीचे फलित असे निघाले की एका रात्री महसूल पथक आले, एक ट्रॅक्टर पकडला गेला, पंचनामा झाला. पकडला गेला तो गावातला सर्वांत लहान माणूस होता, ज्याचा ट्रॅक्टर जुना होता आणि ज्याला आधी फोन करून कळवणारे कोणी नव्हते. गावाची सहानुभूती त्याच्याकडे गेली. नदीवाल्यांनी गरिबाच्या पोटावर पाय दिला, ही भावना तेव्हा पसरली आणि ती पुसायला दीड वर्ष लागले.

आज मागे पाहताना मला वाटते की रात्रीचा पहारा ही आमची सर्वांत मोठी चूक होती. जिवाला धोका होता हे एक कारण झाले. त्याहून मोठे असे की पहाऱ्यामुळे हा दहा माणसांचा आणि आठ ट्रॅक्टरांचा तंटा ठरला आणि विहिरीचा प्रश्न मागे पडला.

वही

दोन महिने काहीच झाले नाही. नंतर बचत गटातल्या एका ताईंनी साधी सूचना केली: ट्रॅक्टर मोजण्याऐवजी पाणी मोजू. दर सोमवारी सकाळी, मोटार सुरू होण्याच्या आधी, विहिरीच्या काठावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजायचे आणि वहीत लिहायचे. बी. एस्सी.च्या मुलीने त्यात भर घातली. मोटार चालल्यानंतर पातळी खाली जाते, म्हणून वेळ ठरलेलीच हवी. आवर्तन सुटल्याची आणि बंद झाल्याची तारीख शेजारी हवी. पाऊस झाला तर तोही लिहायला हवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा अशाच रीतीने नोंदवते, हे तिला महाविद्यालयात कळले होते.

मोजायला कोण जाणार याची पाळी लावण्यात आली. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाणी वाटणारा पाटकरी आणि पिके राखणारा जागल्या असे, आणि ते सगळ्या गावाचे म्हणून काम करत. साक्री तालुक्यात सोयरीक असलेल्या एका आजोबांनी ही आठवण सांगितली. खान्देशात पाण्याचा हिशेब गावाने ठेवणे ही बाहेरून आणलेली गोष्ट नाही, हे त्यांच्या बोलण्यातून लोकांना पटले, आणि माझ्या कायद्याच्या कलमांपेक्षा ते अधिक पटले.

येथे एक निर्णय असा होता ज्यावर गट जवळजवळ फुटला. खेपांची नोंद ठेवायची तर ट्रॅक्टरमालकांची नावे लिहायची का? अण्णांचे म्हणणे होते की नावांशिवाय नोंद म्हणजे पळवाट. ताईंचे म्हणणे होते की नावे लिहिली तर वही घरात ठेवायला कोणी तयार होणार नाही आणि मोजायला जाणाऱ्या बाईला वाटेत अडवले जाईल. शेवटी वहीत फक्त पाण्याची पातळी, आवर्तनाच्या तारखा आणि पात्रातल्या खड्ड्यांची विहिरीपासूनची अंतरे लिहायची असे ठरले. त्यामुळे वही कोणाच्याही विरुद्ध नव्हती आणि कोणालाही दाखवता येत होती. ट्रॅक्टरमालकांच्या घरातल्या बायकाही ती पाहायला येऊ लागल्या, कारण हंडा त्यांच्याही डोक्यावर होता.

माहितीचा अर्ज

याच सुमारास माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली एक अर्ज केला. वाळू धोरणानुसार गावपातळीवर दक्षता समिती असते. तिचा अध्यक्ष सरपंच असतो आणि तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, कोतवाल हे सदस्य असतात. आम्ही एवढेच विचारले की आपल्या गावच्या समितीच्या मागील तीन वर्षांतील बैठकांची इतिवृत्ते द्यावीत. ३० दिवसांत उत्तर आले नाही. प्रथम अपील केले. त्यानंतर एका ओळीचे उत्तर आले की अशी इतिवृत्ते उपलब्ध नाहीत.

तो कागद घेऊन तहसीलला जायचे, वर्तमानपत्राला द्यायचा की आधी सरपंचांना दाखवायचा, यावर एक संध्याकाळ गेली. तरुणांना वर्तमानपत्र हवे होते. अण्णा आणि ताई तो कागद घेऊन सरपंचांच्या घरी गेल्या. सरपंच महिला होत्या, पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या, आणि आपण अशा एखाद्या समितीच्या अध्यक्ष आहोत हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कागदावर समिती आहे आणि जबाबदारी आपल्या नावावर आहे हे कळल्यावर त्या घाबरल्या आणि नंतर संतापल्या. वर्तमानपत्रात आधी छापून आले असते तर त्या बचावाच्या पवित्र्यात गेल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. त्या संध्याकाळपासून गटाला ग्रामपंचायतीत एक माणूस मिळाला.

ग्रामसभा

१ मेच्या ग्रामसभेत विषय ठेवला गेला. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी लागते. त्या दिवशी लग्नाची तिथी मोठी होती आणि शंभर माणसे जमली नाहीत. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे थोड्या लोकांत ठराव सहज करून घेता आला असता, आणि तसा सल्ला आम्हाला काहींनी दिलाही. गटाने तो मानला नाही. वीस माणसांचा ठराव गाव आपला मानणार नाही, हे कापलेल्या नळ्यांनी शिकवले होते. पुढच्या तारखेपर्यंतचे दिवस घरोघर वही दाखवण्यात गेले.

ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकली जाते. या वेळी ती खरोखर झाली, शाळेच्या व्हरांड्यात झाली, आणि तिथेच प्रकरणाला खरी कलाटणी मिळाली. घरकुल मंजूर झालेली एक बाई उठून म्हणाली की वाळूबंदीचा ठराव झाला तर माझे घर जोत्यावरच राहील. बांधकाम अडकले की घरकुलाचा पुढचा हप्ता येत नाही. तुमची पक्की घरे आधीच बांधून झाली आहेत म्हणून तुम्हाला नदी आठवते. तिचे बोलणे टोचले, पण ते खरे होते. गटातल्या एकाच्याही मनात तोपर्यंत हा मुद्दा आला नव्हता. आम्ही तयार केलेल्या मसुद्यात सरसकट बंदी होती.

ठराव एका रात्रीत पुन्हा लिहिला. घरकुल लाभार्थ्यांना ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद राज्याच्या वाळू धोरणात आहे. तिचा आधार घेऊन नव्या मसुद्यात असे म्हटले की विहिरीच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा ठरलेला पट्टा पूर्णपणे राखीव राहील आणि त्याच्या लिलावाला ग्रामसभा शिफारस देणार नाही. घरकुलाची वाळू तलाठ्यांनी दाखवलेल्या खालच्या ठिकाणाहून, पास घेऊन, दिवसा उचलली जाईल. आणि दक्षता समितीची बैठक दर महिन्याला होऊन तिचे इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. समितीच्या बैठकीला वही ठेवणाऱ्या दोन महिलांना बोलवावे, ही ओळ सरपंचांनी स्वतः घातली.

तहकूब सभेला शंभराहून अधिक लोक आले. दोन ट्रॅक्टरमालकही बोलले. एकाने विचारले की हप्ता कोण भरणार. त्याला कोणाकडे उत्तर नव्हते आणि कोणी खोटे उत्तर दिले नाही. ठराव मंजूर झाला.

निष्पत्ती

पुढच्या काही महिन्यांत विहिरीजवळचा रात्रीचा उपसा जवळजवळ थांबला. भीती हे त्याचे एक कारण होते, कारण समितीच्या इतिवृत्तासह गेलेल्या तक्रारींवर दोन वेळा तातडीने कारवाई झाली आणि त्यांपैकी एक ट्रॅक्टर मोठ्या माणसाचा होता. दुसरे कारण घरातले होते. आई आणि बायको जिच्या पाण्याची नोंद करतात त्या विहिरीजवळ रात्री ट्रॅक्टर उभा करणे मुलांना जड जाऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर कोरडी पडली नाही आणि पाणी तिसऱ्या दिवशी येत राहिले. हे केवळ उपसा थांबल्यामुळे झाले असे म्हणता येत नाही. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता आणि आवर्तन वेळेवर सुटले होते, आणि हे दोन्ही वहीतच लिहिलेले आहे. एवढे मात्र दिसते की आवर्तन बंद झाल्यानंतर पातळी पूर्वीपेक्षा सावकाश उतरली. खड्डे पडलेल्या भागात वाळू परत आलेली नाही.

दोन गोष्टी बिघडल्याही. उपसा नदीच्या वरच्या अंगाला, शेजारच्या गावाच्या हद्दीत सरकला. आणि वस्तीतल्या मजुरांचे रात्रीचे काम गेले. त्यांपैकी काही कुटुंबे ऊसतोडीला बाहेर गेली, ज्यांची मुले आधी गावच्या शाळेत होती.

वेगळे काय करता आले असते

मजुरांचा विचार आम्ही सर्वांत शेवटी केला. रोजगार हमी योजनेत नमुना ४ भरून कामाची मागणी केली की १५ दिवसांत काम मिळणे किंवा बेरोजगार भत्ता मिळणे हा हक्क आहे. वस्तीतल्या लोकांची ही मागणी ठरावाच्या आधी करून ठेवायला हवी होती. आम्ही ती ठरावानंतर चार महिन्यांनी केली, तोपर्यंत मुकादमाची उचल घेऊन माणसे निघून गेली होती. पात्रालगतच्या नाल्यांवरची बांधबंदिस्ती, रोपवाटिका अशी कामे मागता आली असती. गटात वस्तीतले एकही माणूस नव्हते, म्हणून हे कोणाला सुचले नाही. व्हरांड्यातली ती बाई उठली नसती तर घरकुलाचेही असेच झाले असते. पारावर बसायला कोण येते आणि कोणाला बोलावले जात नाही, हे पहिल्या दिवशीच पाहायला हवे होते.

शेजारच्या गावाशीही आधी बोलायला हवे होते. पात्र गावाच्या शिवेवर तुटत नाही. वरच्या अंगाची वाळू गेली तर आमच्या राखीव पट्ट्यातही पाणी कमी मुरणार, हे कळायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. ठरावाच्या वेळी आम्ही आमच्या हद्दीचा नकाशा घेऊन बसलो आणि नदीचा नकाशा उघडलाच नाही.

समिती एका सरपंचांच्या धडाडीवर उभी होती, हाही दोष आहे. त्यांची मुदत आता संपत आली आहे. इतिवृत्त फलकावर लावण्याचे काम गेल्या तीन महिन्यांत दोनदा राहून गेले. हप्त्याच्या प्रश्नालाही अजून उत्तर नाही. दोन ट्रॅक्टरमालक केळी आणि खताच्या वाहतुकीला लागले, एकाने ट्रॅक्टर विकला, बाकीच्यांपैकी काही जण आता वरच्या गावात जातात असे म्हणतात.

वरच्या गावातल्या चार बायका गेल्या महिन्यात वही पाहायला आल्या होत्या. त्यांच्या विहिरीचे पाणीही आता गढूळ येते. आमच्या ताईंनी त्यांना टेप कसा सोडायचा, खूण कोठे करायची आणि मोटार सुरू होण्यापूर्वीच का मोजायचे ते दाखवले, आणि वहीची पहिली पाने त्यांनी उतरवून नेली. येणाऱ्या उन्हाळ्यात दोन्ही गावांच्या महिला सभा एकाच दिवशी घ्याव्यात असे ठरले आहे. त्यांच्या गावात ती कधी खरोखर भरलेली नाही.